अर्थनियोजकाची पुढची पायरी : पदवी कोणती, परवाना कोणता?

प्रतिनिधी, महाड

मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणासाठी महाड आणि पोलादपूर तालुक्यांतील जमिनी गेल्या, तेव्हा अनेक घरांत मोबदल्याची रक्कम एकरकमी आली. भातशेती आणि मुंबईत नोकरीला असलेल्या मुलाकडून दरमहा येणारे पैसे एवढ्यावर ज्यांचा हिशेब चालत आला, त्या घरांना इतकी रक्कम एकाच वेळी पाहण्याची सवय नव्हती. महाडच्या औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखान्यांतून निवृत्त होणाऱ्या कामगारांची स्थितीही फारशी वेगळी नसते. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी मिळून आयुष्यातील सर्वांत मोठी रक्कम हाती येते ती नोकरी संपल्यावर. पैसे ठेवायचे कुठे, हा प्रश्न घेऊन ही माणसे ओळखीच्या माणसाकडे जातात. तो बहुधा आयुर्विमा विकत असतो, म्युच्युअल फंडाचे अर्ज भरून देतो आणि व्हिजिटिंग कार्डावर स्वतःला अर्थनियोजक म्हणवतो.

अशा अर्थनियोजकाला काही वर्षांनी पुढची पायरी खुणावू लागते. फंडांचे अर्ज भरण्यापेक्षा ग्राहकाचा संपूर्ण गुंतवणूकसंच, म्हणजेच पोर्टफोलिओ, आपण सांभाळावा असे त्याला वाटते. मग शोध सुरू होतो तो आणखी एखाद्या पात्रतेचा. सीएफपी, सीएफए, एफआरएम, एमबीए अशी अक्षरांची रांग समोर उभी राहते. मुंबई-पुण्यातील क्लासच्या जाहिराती प्रत्येक अक्षरामागे सोन्याची खाण असल्याचे सांगतात. या रांगेतून आपल्यासाठी काय निवडावे, याचा विचार करताना एक भेद आधी ध्यानात घेतला पाहिजे. पदवी ज्ञान देते, परवाना अधिकार देतो. या दोहोंची गल्लत झाली तर नुकसान नियोजकाचे होतेच, पण त्याहून अधिक ते त्याच्यावर विसंबलेल्या ग्राहकाचे होते.

तीन कामे, तीन वाटा

कायद्याच्या दृष्टीने गुंतवणुकीच्या क्षेत्रात तीन वेगवेगळी कामे आहेत. पहिले काम वितरकाचे. म्युच्युअल फंडाच्या योजना ग्राहकापर्यंत पोहोचवणे आणि त्याबद्दल फंड कंपनीकडून कमिशन घेणे हे त्याचे स्वरूप. यासाठी एनआयएसएमची ५-ए ही परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते आणि ‘अ‍ॅम्फी’कडून एआरएन क्रमांक घ्यावा लागतो. विकत असलेल्या योजनेविषयी अनुषंगिक सल्ला वितरक देऊ शकतो. मात्र २०२० च्या सुधारणेनंतर नोंदणी नसलेल्या वितरकाला स्वतःच्या नावापुढे स्वतंत्र आर्थिक सल्लागार किंवा वेल्थ अ‍ॅडव्हायझर अशी बिरुदे लावता येत नाहीत.

दुसरे काम गुंतवणूक सल्लागाराचे. तो ग्राहकाकडून फी घेऊन सल्ला देतो. सल्ला मानायचा की नाही हे ग्राहक ठरवतो आणि व्यवहारही ग्राहकाच्या संमतीनेच होतो. या कामासाठी ‘सेबी’ची २०१३ ची गुंतवणूक सल्लागार नियमावली लागू आहे.

तिसरे काम पोर्टफोलिओ व्यवस्थापकाचे. ग्राहकाशी करार करून त्याच्या वतीने रोखे खरेदी-विक्रीचा निर्णय घेण्याचा अधिकार त्याला मिळू शकतो. निर्णयाचे स्वातंत्र्य व्यवस्थापकाकडे असेल तर त्या सेवेला ‘डिस्क्रिशनरी’ म्हणतात. प्रत्येक व्यवहाराला ग्राहकाची संमती लागत असेल तर ती ‘नॉन-डिस्क्रिशनरी’ सेवा. या कामाला २०२० ची पोर्टफोलिओ व्यवस्थापक नियमावली लागू होते. तिने १९९३ च्या जुन्या नियमावलीची जागा घेतली.

‘पोर्टफोलिओ मॅनेजमेंटची आवड आहे’ असे म्हणणाऱ्याने आधी स्वतःला विचारावे की, आपल्याला सल्ला द्यायचा आहे की प्रत्यक्ष निर्णय घ्यायचे आहेत? कोणती पात्रता हवी, याचे निम्मे उत्तर या एका प्रश्नात आहे.

‘दादा, तूच बघ’ हा धोका

लहान गावात व्यवहार विश्वासावर चालतो. डिमॅट खाते उघडून दिलेल्या माणसालाच ग्राहक म्हणतो, “दादा, मला त्यातले काही कळत नाही, पासवर्ड तुझ्याकडेच ठेव, तूच बघ.” बोलणाऱ्याच्या मनात कपट नसते आणि ऐकणाऱ्याच्याही नसते. तथापि त्या क्षणापासून वितरक किंवा सल्लागार हा परवान्याविना पोर्टफोलिओ व्यवस्थापक झालेला असतो. सेबी कायदा, १९९२ च्या कलम १२ नुसार नोंदणीशिवाय हे काम करता येत नाही. बाजार वर जात असतो तोवर कोणी काही बोलत नाही. बाजार कोसळला आणि मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली रक्कम निम्म्यावर आली की तोच विश्वास पोलीस ठाण्याच्या पायरीवर जाऊन पोहोचतो. अशा वेळी सीएफएची तिन्ही प्रमाणपत्रे भिंतीवर असली तरी ती उपयोगी पडत नाहीत. नोंदणी नसलेल्याकडे करारनामा नसतो, लेखापरीक्षण नसते आणि ग्राहकाला ‘सेबी’च्या तक्रार निवारण यंत्रणेचा आधारही सहजी मिळत नाही.

म्हणून अभ्यासाचा क्रम ठरवताना परवान्याला आवश्यक असलेल्या परीक्षा आधी आणि प्रतिष्ठेच्या पदव्या नंतर, हेच शहाणपणाचे.

संस्था आपल्याच जिल्ह्यात

या परवान्याच्या परीक्षा घेणारी संस्था रायगड जिल्ह्यातच आहे, हे जिल्ह्यातील अनेकांना ठाऊक नसते. राष्ट्रीय प्रतिभूती बाजार संस्था, अर्थात एनआयएसएम, ‘सेबी’ने २००६ मध्ये स्थापन केली. रसायनीजवळ पाताळगंगा येथील तिच्या संकुलाचे उद्घाटन २४ डिसेंबर २०१६ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. महाडहून महामार्गाने पेण आणि तेथून खोपोलीच्या दिशेने वळले की हा परिसर लागतो. अर्थात परीक्षेसाठी तेथे जावे लागत नाही. त्या संगणकावर होतात.

अर्थनियोजकाच्या दृष्टीने महत्त्वाच्या परीक्षा पुढीलप्रमाणे आहेत. संस्थेच्या संकेतस्थळावर त्यांचे क्रमांक रोमन आकड्यांत दिलेले असतात.

५-ए : म्युच्युअल फंड वितरकांसाठी. उत्तीर्ण होण्यास ५० टक्के गुण पुरतात.

१०-ए आणि १०-बी : गुंतवणूक सल्लागारांसाठी. पहिल्या स्तरात वैयक्तिक अर्थनियोजन, बाजाराची रचना, गुंतवणुकीची साधने, पोर्टफोलिओची मांडणी आणि कामगिरीचे मोजमाप येते. दुसऱ्या स्तरात विमा, निवृत्ती, कर आणि वारसा यांच्या नियोजनावर भर असून प्रत्यक्ष उदाहरणांवर आधारलेले प्रश्न असतात. ६० टक्के गुण आवश्यक असून चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात.

१५ : संशोधन विश्लेषकांसाठी. समभाग घ्या किंवा विका अशा शिफारशी ज्यांना प्रसिद्ध करायच्या आहेत त्यांच्यासाठी.

२१-ए : पोर्टफोलिओ व्यवस्थापन सेवा, म्हणजे पीएमएस, ग्राहकांना सुचवणाऱ्या वितरकांसाठी.

२१-बी : पोर्टफोलिओ व्यवस्थापकांसाठी. समभाग, रोखे, डेरिव्हेटिव्ह्ज, पोर्टफोलिओची उभारणी, कामगिरीचे मूल्यमापन आणि करआकारणी असा तिचा आवाका आहे.

प्रमाणपत्राची मुदत साधारणतः तीन वर्षांची असते आणि नूतनीकरण वेळेत करावे लागते. खर्च काही हजारांच्या घरात आणि तयारी काही महिन्यांची, यामुळे नोकरी किंवा व्यवसाय सांभाळून या परीक्षा देता येतात. ज्याला पोर्टफोलिओ व्यवस्थापनाची आवड खरी आहे की वरवरची हे तपासायचे आहे, त्याने २१-बीचे अभ्यासपुस्तक आधी वाचून पाहावे. सीएफएचे शुल्क भरण्यापूर्वीची ही स्वस्त कसोटी आहे.

सल्लागाराचा दरवाजा रुंदावला

२०२० च्या सुधारणेने सल्लागार होण्यासाठी पदव्युत्तर शिक्षण आणि पाच वर्षांचा अनुभव अनिवार्य केला होता. निमशहरी भागातील अनेकांना ती अट जड गेली. डिसेंबर २०२४ मध्ये ‘सेबी’ने नियम शिथिल केले. पदव्युत्तर शिक्षणाऐवजी पदवी पुरेशी झाली, अनुभवाची अट गेली आणि नक्त मालमत्तेच्या अटीऐवजी ग्राहकसंख्येनुसार ठेव ठेवण्याची पद्धत आली. १५० ग्राहकांपर्यंत ही ठेव १ लाख रुपये, ३०० पर्यंत २ लाख, १,००० पर्यंत ५ लाख आणि त्यापुढे १० लाख रुपये आहे. अन्य व्यवसाय सांभाळून अर्धवेळ सल्लागार म्हणून नोंदणी करण्याची वाटही खुली झाली. १०-ए आणि १०-बी या परीक्षा मात्र कायम आहेत. आपली पदवी नियमात बसते का, हे अर्जापूर्वी पाहून घ्यावे.

महाडच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाविद्यालयातून वाणिज्य शाखेची पदवी घेऊन गावातच व्यवसाय करू पाहणाऱ्या तरुणासाठी हा बदल लहान नाही. मात्र त्याची किंमतही आहे. ज्या कुटुंबाला फी घेऊन सल्ला दिला, त्याच कुटुंबाला कमिशनवर योजना विकता येत नाहीत. फीवरही मर्यादा आहे. ठरावीक रकमेच्या पद्धतीत ती २०२५ पासून प्रतिकुटुंब वर्षाला १ लाख ५१ हजार रुपयांपर्यंत, तर गुंतवणुकीच्या प्रमाणात घ्यायची झाल्यास वर्षाला अडीच टक्क्यांपर्यंत घेता येते. महाडमध्ये या मर्यादेला कोणी भिडेल असे नाही. येथे खरा प्रश्न सल्ल्याला वेगळे पैसे मोजण्याची सवय लावण्याचा आहे. समजा, ६० कुटुंबांनी वर्षाला प्रत्येकी १२ हजार रुपये दिले, तर उत्पन्न ७ लाख २० हजार होते. त्यातून कार्यालय, लेखापरीक्षण आणि नियमपालनाचा खर्च भागवावा लागतो. हा हिशेब कागदावर मांडूनच कमिशनचा मार्ग सोडावा.

सीएफपी की सीएफए?

सर्वाधिक घोळ होतो तो या दोन नावांत. सर्टिफाइड फायनान्शियल प्लॅनर, म्हणजे सीएफपी, ही पात्रता माणूस आणि त्याचे कुटुंब केंद्रस्थानी ठेवते. गुंतवणूक, निवृत्ती आणि कर, जोखीम आणि वारसा असे विषय स्वतंत्रपणे अभ्यासून शेवटी एका काल्पनिक कुटुंबाचा संपूर्ण आराखडा मांडावा लागतो. परीक्षांसोबत कामाचा अनुभव आणि आचारसंहितेचे पालनही अपेक्षित आहे. सनदी लेखापाल किंवा वित्त विषयातील एमबीए अशा उमेदवारांना जलद मार्ग उपलब्ध आहे.

चार्टर्ड फायनान्शियल अ‍ॅनालिस्ट, म्हणजे सीएफए, ही पात्रता मालमत्ता केंद्रस्थानी ठेवते. कंपनीच्या ताळेबंदाचे विश्लेषण, रोख्यांचे मूल्यांकन, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, डेरिव्हेटिव्ह्ज आणि पोर्टफोलिओ व्यवस्थापन हा तिचा गाभा. अमेरिकेतील सीएफए इन्स्टिट्यूट ती देते. पहिली परीक्षा १९६३ मध्ये झाली. तीन स्तर असून प्रत्येकासाठी सुमारे ३०० तासांचा अभ्यास अपेक्षित धरला जातो. रोज दोन तास धरले तरी ९०० तासांना साडेचारशे दिवस लागतात, आणि अनुत्तीर्ण झाल्यास पुन्हा तोच फेरा. परीक्षा इंग्रजीत, शुल्क डॉलरमध्ये आणि एकूण खर्च काही लाखांच्या घरात. परीक्षा संपल्या तरी किमान ३६ महिन्यांत मिळून ४,००० तासांचा संबंधित अनुभव दाखवल्यावरच सनद मिळते. २०२५ पासून तिसऱ्या स्तरावर पोर्टफोलिओ व्यवस्थापन, खासगी बाजार आणि खासगी संपत्ती व्यवस्थापन अशा तीन शाखांतून निवड करता येते. श्रीमंत कुटुंबांची संपत्ती सांभाळू इच्छिणाऱ्या नियोजकाला यातील शेवटची शाखा अधिक जवळची.

निखळ पोर्टफोलिओ व्यवस्थापनाचे शिक्षण म्हणून सीएफएला तोड नाही, हे मान्यच केले पाहिजे. म्युच्युअल फंड कंपनी, पीएमएस संस्था किंवा संशोधन विभाग येथे प्रवेश हवा असेल तर ती घ्यावी. परंतु अशी कार्यालये मुंबईत आहेत. अनुभवाचे ४,००० तासही बहुधा तेथेच पुरे होतील. सीएफए निवडणे म्हणजे पुष्कळदा गाव सोडणे निवडणे, हे घरच्यांशी बोलून ठरवलेले बरे.

अन्य नावांचा परामर्श थोडक्यात. एफआरएम ही बँका आणि वित्तसंस्थांतील जोखीम व्यवस्थापनासाठी, सीएआयए ही पर्यायी गुंतवणुकीसाठी, तर सीएमटी ही आलेखांच्या आधारे बाजाराचा कल पाहणाऱ्यांसाठी. कौटुंबिक नियोजकाने यांपैकी कशाच्याही मागे प्रथम धावू नये. पूर्णवेळ एमबीए चांगल्या संस्थेतून होत असेल तरच उपयुक्त. केवळ नावापुढे लावण्यासाठी दोन वर्षे आणि कर्ज खर्ची घालण्यात अर्थ नाही.

व्यवस्थापक होण्याचा हिशेब

‘मला स्वतःची पीएमएस सुरू करायची आहे’ असे म्हणणाऱ्याने नियमांतील आकडे पाहावेत. परवाना व्यक्तीला वैयक्तिक नावाने मिळत नाही. अर्जदार कंपनीसारखी विधिवत संस्था असावी लागते. नक्त मालमत्ता किमान ५ कोटी रुपये हवी. मुख्य अधिकाऱ्याकडे वित्त, कायदा, लेखा किंवा व्यवसाय व्यवस्थापनातील व्यावसायिक पात्रता किंवा सीएफएची सनद असावी. एनआयएसएमचा पोर्टफोलिओ व्यवस्थापनातील किमान वर्षभराचा पदव्युत्तर अभ्यासक्रमही यासाठी ग्राह्य आहे. जोडीला रोखे बाजारातील पाच वर्षांचा अनुभव हवा आणि त्यातील दोन वर्षे पोर्टफोलिओ व्यवस्थापन, सल्ला किंवा निधी व्यवस्थापनातील असावीत. नोंदणीकृत सल्लागार म्हणून केलेले काम येथे उपयोगी ठरते.

ग्राहकाची किमान गुंतवणूक ५० लाख रुपये आहे. २०१२ पूर्वी ही मर्यादा ५ लाख होती. ती आधी २५ लाख आणि २०२० च्या नियमावलीने ५० लाख झाली. एवढी रक्कम केवळ समभागांसाठी बाजूला ठेवू शकणारी कुटुंबे पोलादपूर तालुक्यात किती, हे तेथील नियोजकाला कोणी सांगायची गरज नाही. ज्यांच्याकडे मोबदल्याचे ५० लाख आहेत त्यांच्यापैकीही अनेकांची तीच आयुष्याची सारी पुंजी असते. सातबाऱ्यावर भावाबहिणींची नावे असतात आणि वाटणी झाल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला येणारी रक्कम त्याहून कितीतरी कमी असते. पीएमएसची किमान मर्यादा गाठावी म्हणून अशा ग्राहकाला सारे पैसे एका ठिकाणी घालायला लावणे हा सल्ल्याच्या नावाखाली केलेला अपराध ठरेल.

दोन-चार श्रीमंत ग्राहकांना ही सेवा हवीच असेल तर स्वतः व्यवस्थापक होण्याची गरज नाही. २१-ए उत्तीर्ण होऊन आणि पोर्टफोलिओ व्यवस्थापकांच्या ‘एपीएमआय’ या संघटनेकडे वितरक म्हणून नोंदणी करून ती पुरवता येते. ही नोंदणी २०२५ च्या आरंभापासून लागू झाली.

सावित्रीकाठचा पोर्टफोलिओ

हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ मध्ये मांडलेल्या सिद्धांतावर आधुनिक पोर्टफोलिओ व्यवस्थापन उभे आहे आणि त्यासाठी १९९० चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले. एकाच वेळी वर-खाली होणारी साधने एकत्र ठेवली तर जोखीम कमी होत नाही, हे त्याचे सार. सीएफएचा विद्यार्थी ते समभागांवर सोडवतो. महाडच्या नियोजकाला ते ग्राहकाच्या घरावर सोडवावे लागते.

२२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पुराच्या पाण्याखाली गेले. त्याच दिवशी तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक जणांचा बळी गेला. पोलादपूर तालुक्यातही केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथे दरडी कोसळल्या. बाजारपेठेतील व्यापाऱ्याचे घर, दुकान, मालाचा साठा आणि उधारीवर माल नेणारे ग्राहक हे सारे त्या दिवशी एकाच पाण्यात होते. त्याची कागदावरची गुंतवणूक कितीही विभागलेली असो, त्याची खरी मालमत्ता एकाच नदीच्या काठावर एकवटलेली होती. अशा कुटुंबाचा पोर्टफोलिओ मांडताना पहिला प्रश्न परताव्याचा नसतो. पावसाळ्यात दोन दिवसांत हाती येईल अशी रक्कम किती आहे, दुकानाच्या विम्यात पूर समाविष्ट आहे का, ठेवींच्या पावत्या आणि विमापत्रे डिजिटल स्वरूपात आहेत का, वारसनोंद पूर्ण आहे का, हे प्रश्न आधी येतात. ते १०-बी आणि सीएफपीच्या अभ्यासक्रमाच्या जवळचे आहेत. एकट्या पोर्टफोलिओची पात्रता घेणारा नियोजक नेमके तेच विसरण्याची शक्यता असते.

कोणी काय निवडावे?

वितरक म्हणून स्थिरावलेल्या आणि गावातच राहू इच्छिणाऱ्याने प्रथम १०-ए आणि १०-बी उत्तीर्ण व्हावे. त्यानंतर ज्ञानाची खोली वाढवण्यासाठी सीएफपी घ्यावे. गुंतवणुकीच्या तांत्रिक अंगाची भूक उरलीच तर २१-बीचा अभ्यास करावा.

सल्लागार म्हणून नोंदणी असलेल्या आणि पुढे मोठ्या संस्थेशी भागीदारीचे मनसुबे असलेल्याने अनुभवाची कागदपत्रे आजपासून जपावीत आणि एनआयएसएमच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा विचार करावा.

पदवीच्या अखेरच्या वर्षात असलेल्या, इंग्रजी आणि गणिताची भीती नसलेल्या आणि मुंबईला जाण्याची तयारी असलेल्या विद्यार्थ्याने सीएफएचा पहिला स्तर देऊन पाहावा. पदवी हाती येण्यापूर्वीही त्यास बसता येते.

पन्नाशी गाठलेल्या आणि शेकडो कुटुंबांचा विश्वास कमावलेल्या एजंटाने नव्या अक्षरांच्या मागे न लागता आपल्या परवान्याची मर्यादा ग्राहकाला स्पष्ट सांगावी. तीही एक पात्रताच आहे.

शेवटी एक सूचना ग्राहकांसाठी. समोरच्याच्या कार्डावरील पदव्या वाचण्याआधी त्याचा नोंदणी क्रमांक विचारावा. म्युच्युअल फंड वितरकाकडे एआरएन क्रमांक असतो. सल्लागाराचा क्रमांक आयएनए, पोर्टफोलिओ व्यवस्थापकाचा आयएनपी, तर संशोधन विश्लेषकाचा आयएनएच या अक्षरांनी सुरू होतो. वितरकाचे नाव ‘अ‍ॅम्फी’च्या आणि इतरांची नावे ‘सेबी’च्या संकेतस्थळावर ताडून पाहता येतात. विचारल्यावर जो रागावतो त्याच्याकडे पैसे देऊ नयेत. आणि डिमॅट खात्याचा पासवर्ड, दादा कितीही जवळचा असला तरी, स्वतःकडेच ठेवावा.